डावीकडचं पेडल

मास्तर गेल्यापासून गाडीत डावीकडच्या सीटवर त्यांची लेक बसायची. ड्रायव्हिंग शिकवायची जुनी गाडी ती. शिकाऊ माणूस उजवीकडे, शिकवणारा डावीकडे, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक. शिकाऊ गोंधळला की आपण दाबायचा. दोन्ही पेडलं एकमेकांना जोडलेली, त्यामुळे एक दबलं की दुसरंही दबतं. हे सगळं तिला लहानपणापासून पाठ होतं. तरीही पाण्याच्या टाकीच्या उतारावर, डाव्या वळणाला, तिच्या पायाशी ते पेडल पहिल्यांदा थरथरलं, तेव्हा तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

शिकाऊनं हलका ब्रेक लावला होता, म्हणून पेडल खाली गेलं. इथवर ठीक. पण मग ते धडधडायला लागलं, कोणीतरी जिवाच्या आकांतानं दाबून धरल्यासारखं. आणि तिचे दोन्ही पाय तर सीटजवळ ओढलेले होते.

वळण तेच होतं. वर्षापूर्वी याच उतारावर हीच गाडी रांगत जाऊन सळया लादलेल्या ट्रॉलीवर आदळली. गाडी चालवत होता एक शिंपी, नवशिका. त्याला खरचटलंसुद्धा नाही. सळई आली ती डावीकडून, मास्तरांच्या बाजूनं. रस्त्यावर टायर घासल्याची खूण नव्हती, म्हणजे ब्रेक दाबलाच नाही, असा निकाल लोकांनी देऊन टाकला. मास्तरांचा डोळा लागला! आदली रात्र त्यांनी बायकोच्या दम्यापायी जागून काढली होती, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. शिंपी परोपरीनं सांगत होता की सरांचा पाय ब्रेकवर होता, पण त्याचं ऐकतो कोण? स्वतःची कातडी वाचवतोय म्हणाले.

आईनं तर ते मान्यच केलं होतं. "माझ्या खोकल्यानं नेलं त्यांना," एवढंच ती वर्षभर उगाळत होती. भेटायला येणाऱ्या बायका समजूत घालायच्या, "अहो, झोपेत गेले. त्यांना काही कळलंसुद्धा नाही." आई मान हलवायची आणि ताट तसंच बाजूला सारायची.

लेकीला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. बाबा जागे होते की नव्हते? ज्या माणसानं शिकवताना उभ्या जन्मात जांभई दिली नाही, त्याला लोक डुलके मास्तर म्हणत होते, आणि ते तिला मुळीच सहन होत नव्हतं.

म्हणून पेडल थरथरलं तेव्हा ती घाबरली, आणि खरं सांगायचं तर हरखलीही. रोज शेवटच्या शिकाऊला ती मुद्दाम त्या उतारावरून आणायला लागली. आपला पाय पेडलपासून लांब ठेवायची, बाबांना जागा राहावी म्हणून. आता याला काय म्हणावं? ज्या ब्रेकसाठी त्या सीटवर बसायचं, त्यालाच ही पाय लावेना. शेवटी एका शिकाऊ बाईची गाडी टाकीच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली, तेव्हा तिचं डोकं ठिकाणावर आलं. ती तडक करंटमामाकडे गेली.

करंटमामा म्हणजे बाबांचा जुना दोस्त, गाड्यांचं वायरिंग बघणारा. त्याला इतके झटके बसलेत की आता वीजच त्याला बिचकते, असं बाबा म्हणायचे. तिनं सगळं सांगितलं, बाबांच्या पायाचंसुद्धा. मामा हसला नाही.

"चावी फिरव. सुरू नको करूस, नुसती फिरव." तो वाकून डायलकडे बघत राहिला. "ऑइलचा दिवा लागला. बॅटरीचा लागला. एबीएसचा कुठाय?"

"तो कधी लागतच नाही, मामा."

"तेच वाईट. चावी फिरवली की तो जरा लागून विझला पाहिजे, तर तो जिवंत. बल्ब गेला असेल. ते नंतर बघू."

त्यानं स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर, असं उत्तर आलं. गाडी जॅकवर चढवून मामानं ते चाक दोन्ही हातांनी हलवलं, तर ते खटखट वाजलं. मग चाक काढून त्यानं आत टॉर्च मारला. आतल्या दातेरी कड्याला एक चीर होती, आणि चिरीत खोलवर गंज.

"हे दाते मोजून गाडीला कळतं, चाक किती फिरतंय. कडं तडकलंय, बेअरिंग ढिलं, मग मोजणी चुकते. गाडी हळू होत आली की तिला वाटतं, चाक घसरतंय. ते अडकू नये म्हणून एबीएस ब्रेक सोडतं, धरतं, सोडतं, धरतं. ते थरथरणं म्हणजे हे."

"पण मग तिथंच का?"

"तिथंच कुठलं? चल, दाखवतो."

चाक पुन्हा बसवून मामानं स्वतः गाडी काढली. गोदामाच्या उतारावर डावीकडे वळताना त्यानं हलका ब्रेक लावला. तिच्या पायाशी पेडल थरथरलं. पुढच्या गल्लीच्या तोंडाशी पुन्हा थरथरलं.

"बस, मामा," ती म्हणाली. "कळलं." बाबा तिथे कधी नव्हतेच. परत येईपर्यंत ती खिडकीबाहेर तोंड करून रडत होती, आणि मामानं तिला रडू दिलं.

दुकानाशी आल्यावर तो बल्ब बघायला डायलवर वाकला. बोटानं काच पुसली, थांबला, मग नखानं काहीतरी खरवडलं. काळ्या टेपचा नखाएवढा गोल तुकडा निघून आला. त्याच्याखाली पिवळा दिवा लख्ख पेटलेला होता.

तो गोल कापणारा हात तिनं ओळखला. शिकाऊ लोकांची नजर दिव्यांवर खिळते म्हणून बाबा वैतागायचे. "रस्त्याकडे बघा, दिव्याकडे नको!" हे त्यांचं पालुपद. नको तो दिवा असा झाकून टाकायचे, आणि तीही हसायची.

"बाबांनीच लावलीय."

मामा मटकन टायरवर बसला. "न लागणाऱ्या दिव्यावर कोणी टेप लावत नाही, पोरी. म्हणजे मास्तर होता तेव्हाच हा पेटलेला होता."

तिनं तो तुकडा तळहातावर घेतला. "म्हणजे शिंपी..."

"खरं बोलत होता. मास्तरनं ब्रेक दाबला, गाडीनं सोडला. चाक अडकून घासलंच नाही, तर रस्त्यावर खूण कुठली?" मग तो एकदम भडकला. "अरे, मी इथे बसलोय ना हाकेच्या अंतरावर! गाडी आणायची सोडून टेप लावतो? गाढव कुठला!" आणि त्यानं ऑइलनं माखलेल्या बाहीनंच डोळे पुसले.

गाडी तिथेच सोडून ती घराकडे जवळजवळ पळतच निघाली. टेपचं आईला सांगायचं नाही, ते आपल्यापाशीच ठेवायचं, हे तिनं वाटेतच ठरवलं. बाकीचं कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं.

आई पलंगाच्या कडेला बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, बाबा झोपले नव्हते! तुझ्या खोकल्याचा काही संबंध नाही. टक्क जागे होते. शेवटपर्यंत ब्रेक दाबून धरला होता त्यांनी. बिघाड गाडीत होता, मामानं मला दाखवला."

आईच्या हातातली घडी तशीच राहिली. "नक्की?"

"नक्की."

आईचे खांदे हळूच सैल झाले. वर्षभरात पहिल्यांदाच तिनं पोटातून मोकळा श्वास घेतला. लेकीला वाटलं, जिंकलो आपण. ती आईला मिठी मारायला पुढे झाली, तेवढ्यात आईनं मान वर केली.

"जागे होते," ती म्हणाली. "म्हणजे सळया त्यांना दिसत होत्या."

लेक शेजारी बसली आणि खाली बघत राहिली. आईनं उजवा पाय फरशीवर घट्ट दाबून धरला होता, आणि तो थरथरत होता.