खाणीकडची शीळ

वेताळ टेकडीवर पहाटे कॅमेरा घेऊन येणारी माणसं एकमेकांना भेटली की एकच प्रश्न विचारतात, "काही दिसलं का?" आणि उत्तरही एकच मिळतं, "नाही हो, विशेष काही नाही." हे उत्तर खोटं आहे हे विचारणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तरी तो मान हलवतो, "हल्ली काही राहिलंच नाही" म्हणून उसासा टाकतो, बुटाची नाडी बांधायला वाकतो आणि समोरचा वळणाआड गेला की तो जिथून आला त्याच दिशेने सटकतो. टेकडी कुणाच्याच मालकीची नसल्यामुळे ती प्रत्येकाला स्वतःची वाटते. दुसरा जो कोणी दिसेल तो घुसखोर.

श्रीधर लिमये या खेळात चांगला मुरलेला होता. नोकरीची सगळी वर्षं त्याने विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात काढली होती. दुकान जळलं की जाळलं, हे आपल्याला राख बघून कळतं असं तो सांगत असे. निवृत्त झाल्यावर हातात कॅमेरा आला, पण नजर जुनीच राहिली. कर्वेनगरहून स्कूटरवर टेकडीच्या पायथ्याशी यायचं, आधी तिथे लागलेल्या गाड्यांवरून एक नजर फिरवायची आणि मगच वर चढायचं, हा त्याचा नेम.

या पावसाळ्यात मात्र त्याच्याकडे लपवण्यासारखं खरोखरच काही होतं. ओढ्याकाठच्या गिरिपुष्पाच्या झाडीत त्याला नवरंगाचं घरटं सापडलं होतं. नवरंग म्हणजे हिरव्या पाठीचा, निळ्या खांद्याचा, पोटाखाली कुंकू सांडल्यासारखा लाल डाग असलेला पक्षी. पावसाच्या सुमाराला येतो, दोन सुरांची शीळ घालत राहतो आणि शोधणाऱ्याला रडवतो. त्याचं घरटं म्हणजे काटक्या आणि वाळक्या पानांचा एक गोळा, बाजूला दार असलेला. श्रीधर चष्मा पुसायला खाली बसला, आणि समोरच्या पाचोळ्यातून एक डोळा त्याच्याकडे बघत होता. आत अंडी होती. जोडीतले दोघं आळीपाळीने त्यांवर बसत होते.

त्याने फोटोसुद्धा काढला नाही. गेल्या वर्षी स्वर्गीय नर्तकाचं घरटं सापडल्यावर त्याने ते फक्त शौनकला, आपल्या जुन्या मित्राला, गळ्याची शपथ घालून सांगितलं होतं. शौनकनेही ते एकालाच सांगितलं आणि त्या एकानेही एकालाच. रविवारी झाडाखाली जत्रा भरली. फोटोत फांदी आडवी येते म्हणून कोणीतरी ती फांदीच छाटली आणि पिल्लं उन्हात भाजून मेली. त्या दिवशी श्रीधर घरी आला, कोणाशी न बोलता बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून रडला. म्हणून या वेळी त्याने एकच गोष्ट मनाशी धरली होती. पिल्लं उडून जाईपर्यंत या घरट्याचा पत्ता कोणालाही लागता कामा नये.

"मलाही सांगू नका," बायको, श्यामला, पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "उद्या कुठे बभ्रा झाला तर माझीच चौकशी लावाल."

आणि तशात पृथ्वीराज उगवला.

पस्तिशीचा, धिप्पाड, बोटात अंगठ्या. शेताचे प्लॉट पडलेल्या घरातला असावा, हे श्रीधरने त्याच्या पांढऱ्याशुभ्र गाडीवरून ताडलं. लेन्स तर अशी की खांद्यावर घेऊन चालताना तोफ वाटावी. हा माणूस रोज ओढ्याजवळच्या वाटेवर उभा राहायला लागला.

"काय काका, काय गावलं का?" त्याने पहिल्याच भेटीत विचारलं.

"नाही. विशेष काही नाही."

"हितं वड्याला लई भारी पाखरं असत्यात म्हणं."

"असतील. मला तर डास दिसले."

"रोज येताय जणू."

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"आन् घटकाघटकाभर बसायला पण त्यांनीच सांगितलंय व्हय?"

पृथ्वीराज हसला. श्रीधरला हसू आलं नाही. आपण कुठे बसतो, किती वेळ बसतो, हे याला कसं कळलं? म्हणजे हा आपल्यावर पाळत ठेवून आहे. त्या दिवशी तो घरट्याकडे न जाता मुद्दाम लांबच्या वाटेने खाली उतरला आणि चिखलात कुठे अनोळखी बुटांचे ठसे दिसतात का ते बघत गेला. ठसे होते. मोठे, खोल, ओढ्याकडे वळलेले आणि अर्ध्यातून परत फिरलेले.

पुढचे काही दिवस त्याने पृथ्वीराजवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. एक गोष्ट त्याला सारखी खटकत होती. पृथ्वीराज झाडांवर बघायचा, आभाळाकडे बघायचा, एखाद्या मोराकडे बघायचा, पण गिरिपुष्पाच्या झाडीकडे चुकूनही बघायचा नाही. ज्याच्या मनात काही नसतं त्याची नजर सगळीकडे फिरते. हा एकाच दिशेला ठरवून बघत नव्हता. असली माणसं श्रीधरने जन्मभर बघितली होती. आग लागली त्या कोपऱ्याकडे दुकानाचा मालक कधी बघत नाही.

मग एकदा त्याचं फोनवरचं बोलणं कानावर आलं. "जागा आपल्याला ठावं हाय. न्हाय, फोनवर नको. भेटल्यावर सांगतो." तेवढ्यात त्याला श्रीधर दिसला आणि त्याने आवाज एकदम खाली आणला. संपलं. आता येत्या रविवारी इथे जत्रा. जेवताना श्रीधरने आमटीत मीठ नाही अशी तक्रार केली आणि श्यामलाने ते आमटीचं नसून ताकाचं वाडगं असल्याचं दाखवून दिलं.

या माणसाला ओढ्यावरून हलवायचं कसं, याचा विचार त्याने रात्रंदिवस केला आणि शेवटी त्याला युक्ती सुचली. टेकडीवर चोरून चालणारा एक प्रकार त्याला ठाऊक होता. काही हौशी लोक पक्ष्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवतात. पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा आला. तो भांडायला पुढे येतो आणि यांना फोटो मिळतो. श्रीधरला या लोकांचा मनापासून तिटकारा होता. पण इथे पक्ष्याला कुठे फसवायचं होतं? फसवायचं होतं ते माणसाला. ओढ्यापासून लांब, जुन्या दगडखाणीच्या कडेला शीळ वाजली की पृथ्वीराज तिकडे धावेल आणि करवंदीत हिंडत बसेल. कोणाचं काही बिघडणार नाही.

तो बुधवार पेठेत गेला आणि मुठीत मावेल असा एक स्पीकर घेऊन आला. दुकानदाराने तो फोनशी एकदा जोडून दिला होता, त्यामुळे घरी चालू केल्याबरोबर स्पीकरने आपणहून श्रीधरचा फोन शोधला आणि एक बाई ठसक्यात म्हणाली, "कनेक्टेड."

"कोण आलंय हो?" श्यामलाने आतून विचारलं.

फोनची ती ब्लूटूथची सोय कायम चालूच असे. कानाच्या यंत्रासाठी ती लागायची. ते यंत्र लेकीने, तनयाने, दिवाळीत आणून दिलं होतं आणि "बाबा, फोनमधलं ते बटण बंद करायचं नाही" असा दमही दिला होता. घरी श्यामला मागे लागली की श्रीधर यंत्र घालायचा. टेकडीवर मात्र त्यात वाऱ्याचा नुसता घोंगाट व्हायचा, म्हणून तिथे ते डबीत आणि डबी शर्टाच्या खिशात. आपल्याला तसं सगळं ऐकू येतं, लोकच हल्ली पुटपुटतात, असं त्याचं मत होतं.

नवरंगाची शीळ मेमरी कार्डावर भरून आणि ते स्पीकरमध्ये घालून तो दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वर गेला. कार्ड आत असलं की स्पीकर फोनच्या नादी लागत नसे. खाणीच्या कडेला करवंदीच्या जाळीत स्पीकर खोचला, चालू केला आणि परत ओढ्याशी आला. घरट्यापासून अंतर ठेवून उभा राहिला, श्वास रोखून कान दिला. काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. छान. म्हणजे घरट्याला काडीचाही त्रास नाही. मनातली शेवटची शंका गेली आणि तो समाधानाने दगडावर टेकला.

पृथ्वीराज आला, वाटेवर थबकला, मान वळवली आणि तडक खाणीकडे निघाला. श्रीधरला इतका आनंद झाला की त्याने स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. त्या दिवसापासून पृथ्वीराज रोज सकाळी खाणीच्या कडेने करवंदी धुंडाळत फिरू लागला. श्रीधर रोज स्पीकरची जागा बदलायचा आणि तो गेल्यावर हळूच काढून आणायचा. कॅमेऱ्याची तोफ गळ्यात, अंगभर ओरखडे, चेहरा रागाने लाल, असा पृथ्वीराज परतताना दिसला की श्रीधर अगदी सहानुभूतीने विचारायचा, "काही दिसलं का?"

"न्हाय. काय विशेष न्हाय."

"हल्ली काही राहिलंच नाही," श्रीधर उसासा टाकायचा.

पण घरट्यापाशी काहीतरी बिनसत चाललं होतं. जोडीतला एक अंड्यांवर असायचा. दुसरा मात्र ताठ उभा राहून, चोच वर करून, गळा थरथरवत ओरडायचा आणि भुर्रकन झाडीपलीकडे जायचा. तो परत येईना. पाळी बदलायला कोणी नाही म्हटल्यावर बसलेलं पाखरू भुकेने बाहेर पडायचं आणि अंडी उघडी राहायची. श्रीधरला कारण लगेच कळलं. हा पृथ्वीराज झाडीत धुडगूस घालतोय, पाखरं बुजणार नाहीत तर काय? त्याने मनातल्या मनात त्याला अशा शिव्या घातल्या की श्यामलाने ऐकल्या असत्या तर चहा दिला नसता.

शुक्रवारी तो ओढ्याशी आला तेव्हा घरट्याचं दार उसवलेलं होतं. पानं बाहेर ओढलेली. मातीत कवचाचा पांढरा तुकडा, त्यावर तांबूस ठिपके. पलीकडच्या झुडपातून एक भारद्वाज चोच पुसत मजेत चालत निघाला होता. तो दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात.

श्रीधर तिथेच उकिडवा बसला. त्याला घरट्याला हात लावावासा वाटला, पण लावला नाही. डोळे भरून आले, आणि मग ते पाणी बघता बघता संतापाचं झालं. तो उठला आणि खाणीकडे चालू लागला. आज त्या माणसाला तोंडावर विचारायचं. समाधान झालं का तुमचं, म्हणून विचारायचं. खिशातली डबी छातीवर आपटत होती.

पृथ्वीराज करवंदीच्या जाळीपाशी गुडघ्यांवर बसला होता. कॅमेरा बाजूला ठेवलेला. श्रीधरची चाहूल लागताच त्याने वर बघितलं आणि मूठ पुढे केली. मुठीत स्पीकर होता.

"काका, बरं झालं आला. ह्ये बगा. कोन तरी नालायक रोज हितं नवरंगाची शीळ वाजवतोय. जागा बदलून बदलून ठिवतोय. कवाधरनं हुडकत हुतो, आज घावला."

श्रीधरने स्पीकरकडे बघितलं. "तुम्ही... हे शोधत होतात?"

"मग? खाली वड्याला घरटं हाय. तुमास्नी बोललो न्हाय, राग मानू नका. तुमी रोज तितंच घुटमळत हुता, मला तुमचाच डाउट हुता. मी तिकडं बगायचं पण टाळलं, उगा कुनाच्या ध्यानात यायला नको. फॉरेस्टमधल्या दोस्ताला तेवढं सांगून ठिवलं. आन् ह्यो येडा हितं आवाज लावतोय! नर अंडी सोडून हितं भांडाय येतोय, काका. ह्या फांदीवर बसून घसा फोडतोय."

"पण इथला आवाज ओढ्यापर्यंत कुठे जातो?"

पृथ्वीराजने त्याच्याकडे नवलाने बघितलं. "जातो की. वाटंवर उभं ऱ्हायलं तरी लख्ख ऐकू येतो. तुमाला न्हाय येत?"

श्रीधरचा हात आपोआप खिशातल्या डबीकडे गेला. तो त्याने खाली घेतला.

"आता वड्याकडनंच आला न्हवं?" पृथ्वीराजने विचारलं. "सगळं नीट हाय ना तिकडं? काय दिसलं का?"

"नाही," श्रीधर म्हणाला. "विशेष काही नाही."

पृथ्वीराजने सुस्कारा सोडला. त्याने नखाने स्पीकरमधलं कार्ड उपसून काढलं, मागचं पुढचं बघितलं आणि बटण दाबलं. स्पीकर क्षणभर गप्प राहिला. मग आतली बाई ठसक्यात म्हणाली, "कनेक्टेड."

पृथ्वीराजने स्पीकरकडे बघितलं. मग मान फिरवून सगळी खाण बघितली. दुसरं माणूस कुठेच नव्हतं. शेवटी त्याची नजर श्रीधरच्या खिशातल्या फोनवर आली आणि तिथेच राहिली. श्रीधरला वाटलं, आता हा हात उगारणार. उगारला असता तर बरं झालं असतं.

"काका," पृथ्वीराज अगदी हळू आवाजात म्हणाला, "आता खरं सांगा. अंडी हायत का?"

श्रीधरने नकारार्थी मान हलवली.

पृथ्वीराज उठून दगडावर बसला. त्याने स्पीकर बंद केला आणि दोघांच्या मधल्या दगडावर ठेवून दिला. मग त्याने ओढ्याच्या बाजूला कान दिला. "आजून वरडतोय बगा," तो म्हणाला.

श्रीधरने कान दिला. त्याला वारासुद्धा नीट ऐकू येत नव्हता. त्याने खिशातली डबी काढली, यंत्र कानात बसवलं. आधी नुसता घोंगाट झाला. मग त्या घोंगाटातून शीळ आली, दोन सुरांची, अगदी जवळून आल्यासारखी. रिकाम्या घरट्याच्या हद्दीत कोणी येऊ नये म्हणून नर एकटाच, समोर कोणी नसताना, भांडत होता.