येतोय, असं सांगून

आई गेल्यानंतर बाबा एका संध्याकाळी टॉर्चचे सेल आणायला म्हणून बाहेर पडले आणि दोन गिनी पिग घेऊन परत आले. खोक्याला भोकं पाडलेली होती.

"एकच आणणार होतो," ते म्हणाले. "पण एकटं ठेवलं की खंगतं म्हणाला दुकानदार."

एवढं सांगून ते हात धुवायला गेले. सेल राहूनच गेले.

एक काळी, एक तपकिरी. दोघी माद्या. शेपूट नाही, मान नाही, लोकरीच्या गुंड्याला डोळे फुटावेत तसं रूप. बाबांनी पुढच्या खोलीत खिडकीपासून लांब पिंजरा मांडला, गवत पसरलं, बुटांचं एक खोकं कापून लपायला घर करून दिलं. दोघी त्या घरात शिरल्या त्या बाहेर यायला तयार नव्हत्या.

मी रजा वाढवून घेतली होती. पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायचं माझं काम, दुसऱ्या शहरात. ऑफिसात म्हणाले, सावकाश ये. रजेत नुसतं झोपायचं असं ठरवलं होतं, पण झोप लागत नव्हती. दुपारी आडवी झाले की छताकडे बघत पडून राहायचे आणि उठताना जास्तच दमलेली असायचे. मग गिनी पिगविषयी सापडेल ते वाचून काढलं. मला अडचण आली की आधी वाचायची सवय आहे. उपयोग होतोच असं नाही.

वरून हात घालू नये, त्यांना ती घार वाटते. जमिनीवर बसावं, त्यांच्या उंचीला यावं. आधी हातातून खायला घालावं, मग पाठीवरून एक बोट फिरवावं, मग एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली देऊन अंगाशी धरावं. मांडीवर टॉवेल हवा. घाई नको. आम्ही यातलं सगळं केलं. बाबा गुडघे दुखत असताना फरशीवर बसायचे, काकडीची चकती धरून हात लांब करायचे आणि तसेच थांबायचे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला हात, नखांच्या कडांना ग्रीसची काळी रेघ अजून होती. तो हात जाळीच्या आत गेला रे गेला की आत वादळ उठायचं. गवत उडायचं, पाण्याची बाटली धडधडायची आणि मग खोक्याखालून काहीच नाही. बाबा चकती तिथेच ठेवून उठायचे.

"आपल्याला बघून जीव नकोसा होतो त्यांना," ते एकदा म्हणाले. विनोद करायचा प्रयत्न होता. मी हसायचा प्रयत्न केला.

मग तपकिरी शिंकायला लागली. श्वास घेताना तिच्या छातीत बारीक घरघर ऐकू यायची. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला सहज उचलून कानाशी धरलं.

"कफ आहे. सकाळ-संध्याकाळ तोंडातून औषध द्या, सुईशिवायच्या सिरिंजने. पण झटापट करू नका. हा प्राणी आजाराच्या आधी भीतीने मरतो."

"हातात येत नाही ती," मी म्हटलं.

"यायला पाहिजे. नाहीच जमलं तर ज्याला जमतं त्याच्याकडे द्या. उगाच जिवाशी खेळ नको."

घरी येऊन आम्ही झटापटच केली. मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं, बाबांनी सिरिंज धरली. अर्धं औषध टॉवेलला गेलं. ती ताठ झाली, डोळे वटारून नुसती बघत राहिली. माझ्या तळव्याला तिचं काळीज धडधडताना लागत होतं, इतकं भरभर, की मीच हात सैल केला. त्यानंतर तिने संध्याकाळपर्यंत गवताला तोंड लावलं नाही.

"सोमवारी तू जाणार," बाबा म्हणाले. "त्याआधी दुकानात देऊन येऊ. दोघींना. तो करेल काहीतरी."

आईच्या आजारपणातला भाड्याचा पलंग परत दिला तेव्हाही ते याच आवाजात बोलले होते. मी हो म्हटलं असतं. खरं तर मला सुटल्यासारखंच वाटलं असतं. पण रात्रीच्या जेवणाला त्यांनी ताटातलं काही खाल्लं नाही आणि मला तो पलंग नेल्यावरचा आठवडा आठवला. मी म्हटलं, "शनिवारपर्यंत बघू."

आमच्या घरात आवाज होत नाही, हे सांगायला हवं. आईच्या डोक्यातल्या गाठीला आवाज सोसत नसे. चमचा ताटलीला लागला तरी ती कपाळ आवळायची. म्हणून आम्ही खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवले, दाराची घंटा काढली, चपला उंबऱ्याबाहेर सोडल्या, कप फडक्यावर ठेवायला शिकलो. मिक्सर शेजारच्या काकूंकडे फिरवून आणायचे बाबा. आम्ही बोलायचो ते खुणांनी, नाहीतर कुजबुजून. हे सगळं इतकं अंगवळणी पडलं की ती गेल्यावर थांबवायचं कोणाला सुचलंच नाही. बाबा स्वयंपाकघरात आलेत हे मला त्यांची सावली ओट्यावर पडली की कळायचं.

शनिवारी मावशी आली. चपला फटाफट वाजवत जिना चढली आणि घंटा सापडेना म्हणून दार बडवलं.

"काय गं, माणसं राहतात की भिंती? आणि घंटा कुठाय?"

"काढली होती," मी म्हटलं.

"मग लावा परत! की मी आता खिडकीतून यायचं?" तिने पिशव्या धाडकन टेबलावर ठेवल्या. पिंजऱ्यात एकदा खुडबुड झाली. "अगंबाई! हे काय, उंदीर? शेपट्या काय गहाण टाकल्या यांनी?"

"गिनी पिग आहेत."

"डुक्कर म्हण नाहीतर हत्ती म्हण, मला उंदीरच दिसतो. भाऊजी, तुम्हाला जन्मात मांजर आवडलं नाही आणि आता हे?"

"हळू बोल," बाबा कुजबुजले.

मावशी पिशवीतून डबे काढत होती. तिचा हात थांबला. "आता कोणासाठी हळू बोलू?"

मावशीने पदराने नाक पुसलं आणि मग, बहुधा घरातली शांतता तिला सोसेना म्हणून, बोलायलाच लागली. तिच्या सुनेचा नवा फ्रीज, तो बिघडणारच होता हे तिने आधीच सांगितलेलं; व्याह्यांचा गुडघा; बसमध्ये पाय तुडवून वर तिलाच सरका म्हणणारा माणूस. पिंजऱ्याशेजारच्या खुर्चीत बसून ती शेंगा सोलत होती आणि सालं वाटीत टाकत होती, टप, टप.

मी चहा घेऊन आले तेव्हा काळी बाहेर बसून गवत चावत होती. थोड्या वेळाने तपकिरीनेही तोंड बाहेर काढलं. मावशीचा हात जाळीपासून वीतभर लांब हलत होता, तरी दोघी जागच्या हलल्या नाहीत. मग बाबा आतून आले, नेहमीसारखे, पायांचा आवाज न करता. दोघी गोळी सुटल्यासारख्या खोक्यात.

"बघा," मावशी म्हणाली. "मला नाही घाबरल्या. तुम्हालाच घाबरल्या. चोरासारखे येता आणि काय!"

बाबा तिथेच उभे राहिले. मग फरशीवर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिफ्ट हलवायच्या आधी हाक द्यायची असते."

"काय?"

"खाली खड्ड्यात माणूस असतो. त्याला वरचं काही दिसत नाही. लिफ्टचा डबा हलवायच्या आधी ओरडायचं, येतोय म्हणून. त्याने ओ दिल्याशिवाय हात लावायचा नाही. नव्या पोरांना मी पहिली हीच गोष्ट शिकवायचो." त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि इथे आपण दोघं मांजराच्या पावलांनी."

त्या संध्याकाळी ते दारातूनच म्हणाले, "येतोय." आवाज घोगरा होता, कित्येक दिवस बंद असलेल्या नळासारखा. "येतोय मी. बसतोय आता. काकडी आणलीय." पुढे काय बोलावं त्यांना कळेना. मावशीची गोष्ट वेगळी, तिला विषय लागत नाही. बाबा जे करत होते तेच सांगत राहिले. हात आत घालतोय. हा उजवा. हा घे. तपकिरी दबली, पण पळाली नाही. चकतीची कड तिने कुरतडली आणि बाबांनी हात तसाच ठेवला. औषध त्या दिवशी चुकलं.

रविवारी मी कपडे भरत होते. दुकान संध्याकाळपर्यंत उघडं असतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पुढच्या खोलीतून बाबांचा आवाज सारखा येत होता. मी शब्दांकडे लक्ष देत नव्हते. लिफ्टचे दोर कसे तपासतात ते चाललं होतं, मग कुठल्याशा इमारतीतली एक म्हातारी. मग आवाज थोडा उतरला.

"…शेवटी शेवटी मी तिच्या खोलीबाहेरच बसायचो. आत गेलो की खुर्ची वाजेल असं वाटायचं. तिने हाक मारली असेल तर मला ऐकू आली नाही, आणि मी दिली नाही. छातीखाली हात घालतोय हं. हा दुसरा. अशी. उचलतोय. बस. बस गं."

हातातली साडी मी तशीच धरून उभी राहिले. आईची होती. घडी मोडली होती, ती पुन्हा घालायचं त्राण नव्हतं. पलीकडे आता नुसतं पुटपुटणं ऐकू येत होतं, आणि मग तेही नाही. मला वाटलं, ती निसटली. किंवा त्याहून वाईट काही झालं.

"अगं!" बाबा ओरडले. त्या घरात इतका मोठा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. "गेलं! सगळं औषध गेलं पोटात! आणि खातेय, मांडीवर बसून खातेय!"

"बरं," मी म्हटलं. ते कुजबुजल्यासारखं निघालं असावं, कारण त्यांनी पुन्हा हाक मारली.

मग मी ओ दिली.