डोकं खाली

उद्या कॅप्टन आपल्याबरोबर चालणार आहे, हे बाबांनी जेवताना सांगितलं ते भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं तशा आवाजात. माझा घास तोंडातच राहिला.

गोल्फ क्लबचा कॅप्टन म्हणजे कोणी कधी खेळायचं आणि कोणी खेळायचं नाही, हे ठरवणारा माणूस. मागच्या महिन्यात बाबांचा चेंडू गवत कापणाऱ्या माळ्याच्या पायाशी जाऊन आदळला होता. माळी बिचारा उडी मारून बाजूला झाला, वर हसलाही, पण बातमी पोचायची तिथे पोचली. आता कॅप्टन आमच्याबरोबर नऊ होल चालणार, बाबांचा खेळ बघणार आणि शनिवारच्या खेळात त्यांचं नाव ठेवायचं की काढायचं ते ठरवणार. ज्याला बाबांनी स्टिक कशी धरायची हे शिकवलं, तो आता त्यांची परीक्षा घेणार. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण रागावून करणार काय? कॅप्टनची शंका चुकीची नव्हती. बाबांना खरंच दिसत नव्हतं. पायाशी ठेवलेला चेंडू धूसर दिसायचा, पण एकदा उडाला की त्यांच्यासाठी तो संपला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आहे तेवढं सांभाळा म्हणून हात वर केले होते. हे मला माहीत आणि त्यांना माहीत, बाकी सगळीकडे अळीमिळी गुपचिळी. आई गेल्यापासून दाढी करायला त्यांच्याकडे शनिवार हे एकच कारण उरलं होतं. ते काढून घेतलं की हा माणूस खुर्चीत बसून राहणार, हे मला लख्ख दिसत होतं.

म्हणून तर चाळिशी उलटल्यावर मी हा खेळ शिकायला घेतला. शनिवारी आम्ही जोडीने खेळायचो, यादीत नाव मात्र बाबांचंच. जोडीच्या खेळात दोघांत मिळून चेंडू एकच, एकदा त्यांनी मारायचा, एकदा मी. बाबांनी मारला की मी डोळ्यात तेल घालून बघायची आणि कौतुक केल्यासारखं काहीतरी बोलायची. ‘मस्त’ म्हणजे सरळ गेला, ‘चालेल’ म्हणजे डावीकडे, ‘बघू या’ म्हणजे उजवीकडे. तेवढ्यावर बाबा असे रुबाबात चेंडूच्या दिशेने चालू लागायचे की समोरच्याला काडीचा संशय येऊ नये. त्यांचा हात अजून पक्का होता. तीस वर्षं तोच स्विंग, त्याला डोळे लागत नाहीत.

घोडं अडायचं ते माझ्यापाशी. माझा एक चेंडू सुतासारखा सरळ जायचा आणि दुसरा झाडात. तिसरा तर उडायचाच नाही, जमिनीवरून सरपटत जायचा. मी एक्स-रे काढते, तोच माझा धंदा. दिवसभर लोकांना सांगते, श्वास घ्या, रोखा, हलू नका. आणि स्वतः स्टिक हातात घेतली की काय हलायचं ते मला कळत नव्हतं. फुकटचे सल्ले मात्र ढीगभर. शिकवणारा म्हणाला कोपर वाकतोय, मामेभाऊ म्हणाला पकड घट्ट आहे, आणि क्लबच्या कँटीनवाल्याने चहा देता देता सांगितलं की मॅडम, तुम्ही फार विचार करता. मी सगळ्यांचं ऐकलं आणि दर आठवड्याला नवीन चूक शिकले. गंमत अशी की सरावाच्या जागेवर एकटी असले की बादलीभर चेंडू नीट जायचे. बाबांबरोबर खेळायला उतरले की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मला वाटायचं, मी भित्री आहे, दुसरं काय.

सकाळी कॅप्टन हात मागे बांधून आमच्या बरोबरीने चालू लागला. पहिले काही होल नीट गेले. बाबा मारायचे, मी मस्त म्हणायची, बाबा चालू लागायचे. चौथ्या होलवर बाबांनी मारला आणि नेमका सूर्य माझ्या डोळ्यांवर आला. चेंडू कुठे गेला ते मलाही दिसलं नाही. माझं तोंड बंद, आणि बाबा स्टिक टेकून तसेच उभे. तेवढ्यात कॅप्टनने विचारलं, काका, कुठे पडला हो?

तो क्षण कसा गेला ते मलाच माहीत. बाबांनी शांतपणे टोपी काढली, कपाळ पुसलं, म्हणाले, मधोमध असावा. मी पुढे पळाले. चेंडू मधोमध होता. मी वळून बघितलं तर कॅप्टन चेंडूकडे बघतच नव्हता, तो माझ्याकडे बघत होता.

त्यानंतर माझं सगळंच बिघडलं. माझा एक चेंडू झुडपात गेला, पुढचा वाळूच्या खड्ड्यात. दर वेळी स्टिक खाली येता येताच मान झटकन वर जायची, कारण चेंडू हरवला तर शोधायचं कुणी? जोडीदाराने लक्ष ठेवायचं असतं, माझ्या जोडीदाराला तो दिसत नव्हता, आणि कॅप्टनला विचारलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. झुडपातला चेंडू बाबांनी कसाबसा बाहेर काढला. मला त्यांची लाज वाटत नव्हती, माझी वाटत होती. त्यांचं नाव माझ्या हाताने कापलं जात होतं.

शेवटच्या होलवर पहिला फटका माझा होता. समोर तळं, तळ्यापलीकडे गवताचा पट्टा, आणि डावीकडे, माझे चेंडू नेहमी जातात अगदी तिथे, पुढच्या गटातली माणसं बाकावर बसून पाणी पीत होती. मी चेंडू ठेवला. स्टिक उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. परत उचलली, परत ठेवली.

बाबा माझ्या स्टिकच्या आवाजाच्या रोखाने जवळ आले. हळूच विचारलं, सरावाला एकटी असतेस तेव्हा नीट जातात ना? मी हो म्हटलं.

“तिथे कुणाला सांगायचं नसतं ना, चेंडू कुठे गेला ते,” ते म्हणाले.

मला कळायच्या आत ते कॅप्टनकडे वळले. म्हणजे तो होता त्याच्या थोडं उजवीकडे वळले.

“मला चेंडू दिसत नाही रे. वर्ष झालं. ही माझाही बघते आणि स्वतःचाही बघते, म्हणून हिची मान आधी वर जाते आणि फटका चुकतो. आता हिचा चेंडू तू बघ.”

एवढं वर्षभर जपलं, लपवलं, आणि या माणसाने ते एका फटक्यासाठी टाकून दिलं. त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं, गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. कॅप्टनने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग बाकावरच्या माणसांना हात करून मागे सरकायला लावलं आणि आमच्या बाजूला येऊन उभा राहिला. मी बघतो, एवढंच म्हणाला.

मी चेंडूसमोर उभी राहिले. मागून बाबांचा आवाज आला. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीचा एक्स-रे मीच काढला होता, तेव्हाचे माझेच शब्द.

“श्वास घे. रोख. हलू नकोस.”

मी मारला. चेंडू गेला आणि मी त्याच्या जागी उरलेल्या गवताकडे बघत राहिले, एक चिरडलेलं पान आणि ओली माती. आवाज मात्र मी पहिल्यांदाच ऐकला, कोरडा आणि स्वच्छ. पाण्यात काही पडल्याचा आवाज आला नाही.

“सोड आता श्वास,” बाबा म्हणाले.

कॅप्टनने सांगितलं, तळ्यापलीकडे, पट्ट्याच्या मधोमध. शनिवारी गर्दी असते, काका, मला नाव काढावं लागेल, असं तो खाली बघून म्हणाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी हात आडवा केला.

“काढ. त्या जागी हिचं लिही.”

मी म्हटलं, मला शनिवार नकोय, मला तुम्ही हवे आहात. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि माझ्या दंडाला धरून तळ्याच्या कडेने चालू लागले. एरवी सगळ्यांसमोर ते माझा हात कधीच धरत नसत.

चेंडूपाशी पोचल्यावर मी त्यांचे खांदे होलवरच्या झेंड्याच्या दिशेने वळवले आणि मोठ्याने सांगितलं, किती लांब आहे, वारा कुठून आहे, समोर कोणी नाही. त्यांनी मारला. कॅप्टनही ऐकत होता, पण आता लपवायचं काही राहिलं नव्हतं.

“कुठे गेला?”

“वाळूत,” मी म्हटलं. “झेंड्याच्या डावीकडे. खोल रुतलाय.”

बाबा हसले. वर्षभरात मी पहिल्यांदाच त्यांच्या चेंडूबद्दल धड सांगितलं होतं.

“मग काढ बाहेर. पाळी तुझी आहे,” ते म्हणाले. “आणि डोकं खाली.”