तीसेक आयांचा उजवा हात

कोहमाऱ्याच्या नाक्यापासून थोडं आत एक हायस्कूल आहे. त्याचं नाव सांगितलं तर संस्थाचालक रागावतील. या हायस्कुलातल्या दहावीच्या जवळजवळ सगळ्या मुलांच्या आयांच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत लव नाही, ही गोष्ट २००८ साली मराठीचे पेपर तपासताना उघडकीला आली. तपासणाऱ्या बाईंनी पहिल्या पेपरात ते वाक्य वाचलं तेव्हा खाली लाल रेघ ओढून 'सुंदर' असा शेरा मारला. दुसऱ्या पेपरात नुसती रेघ ओढली. आणखी काही पेपर झाल्यावर त्यांनी गठ्ठा बाजूला सारला आणि मंडळाला कळवलं, की एकतर या गावात काही साथ आहे, नाहीतर सामुदायिक कॉपी आहे.

मंडळाने साथीची शक्यता सोडून दिली आणि चौकशी लावली.

निकाल अडकायची पाळी मुलांवर आली, पण झोप उडाली ती राजदीप साखरे या शिक्षणसेवकाची. शिक्षणसेवकाने तीन वर्षं मानधनावर शिकवायचं असतं आणि त्या काळात काही बोभाटा झाला नाही तर तो कायम होतो. राजदीपची तीन वर्षं जूनमध्ये भरत होती. चौकशी अधिकारी मे महिन्यात येत होते. सामुदायिक कॉपी सिद्ध झाली असती, तर शाळेला नवा शिक्षणसेवक शोधावा लागला असता, आणि शोधायला फार लांब जावं लागलं नसतं. गेटाशी हात जोडून उभे राहणारे बरेच होते.

चौकशीच्या दिवशी सकाळपासून तो व्हरांड्यात येरझारा घालत होता. मधेच वर्गात जाऊन बाकं सरळ करी, बाहेर येऊन रस्त्याकडे पाही, परत आत जाऊन तीच बाकं तिरपी करी.

"बैठो ना साखरे," मुख्याध्यापक केशोराव कापगते खुर्चीतून म्हणाले. "तुम्ही फिरून राहिले अन् चक्कर मले येऊन राहिली."

"साहेब काय विचारतील, सर?"

"काय विचारन? तुम्ही सांगून द्या, निबंध मीच फळ्यावर लिहून दिला होता. नमुना उत्तर. सरानं लिहून द्यायचं, पोरानं पाठ करायचं. त्याले कॉपी नाही म्हणत, शिकवणं म्हणतात. मी तीस साल तेच करून राहिलो."

"पण मी लिहून दिला नव्हता."

"मग दिला असता तर काय बिघडलं असतं?" केशोरावांनी विचारलं. राजदीप परत बाकं सरळ करायला आत गेला.

झालं होतं असं. राजदीप वर्षभर वर्गाला सांगत होता, की आईवर निबंध लिहिताना 'आई म्हणजे वात्सल्याचा सागर' लिहू नका. तुमच्यापैकी कोणी सागर पाहिलाय? पाण्याचं म्हणाल तर इटियाडोहचं धरण पाहिलंय, तेही सहलीत, बसच्या खिडकीतून. त्यापेक्षा आई काय करते, कशी दिसते, ते बारकाईने लिहा. एखादं उदाहरण द्या. वर्गाने मान डोलावली आणि सागर लिहिला. फक्त रंजिता नावाच्या मुलीने लिहिलं, की माझी आई पार्वताबाई ढाब्यावर तंदूरमध्ये रोट्या लावते, म्हणून तिच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत लव नाही, आणि लग्नाच्या पंगतीत बसली की ती तो हात पदराखाली ठेवते अन् वाढणाऱ्यांना वाटतं, हिला काही नको.

राजदीपला इतका आनंद झाला की त्याने तो निबंध वर्गात वाचून दाखवला. आठवड्याने परत वाचला. सराव परीक्षेच्या आधी पुन्हा वाचला. आणि वर्ग इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की शिकलेला होता: सर जे पुन्हापुन्हा वाचतात ते परीक्षेत येतं आणि ते पाठ करायचं असतं. मुलांनी पाठ केलं. ज्याच्या आईने जन्मात तंदूर पाहिला नव्हता, त्यानेही केलं. प्रश्नपत्रिकेत 'माझी आई' आली तेव्हा वर्गाला सरांचा फार आदर वाटला.

चौकशी अधिकारी आले ते उकाड्याने वैतागलेले होते. त्यांनी पाणी घेतलं, सगळं ऐकलं आणि रंजिताला बोलावलं. मग तिचा पेपर काढून वाचला आणि चष्मा खाली केला.

"यात हात नाही."

"नाही जी," रंजिता म्हणाली.

"यात लिहिलंय, आई म्हणजे वात्सल्याचा सागर."

राजदीपने भिंतीला टेकून घेतलं. हे त्याला नवीन होतं.

"बाकी सगळ्यांच्या निबंधात तुझ्या आईचा हात आहे, तुझ्याच नाही. मग तो तुझ्या आईचा कसा?"

"सगळेच तेच पाठ करून राहिले होते, सर. मीबी लिहिली असती तर तुम्ही म्हटले असते, हिनं नक्कल मारली."

"आणि सागर?"

"तो गाइडातला आहे. त्याच्यासाठी कोणी धरत नाही."

केशोरावांनी घसा साफ केला. "साहेब, बात अशी आहे की आमचे साखरे सर नमुना उत्तर लिहून देतात..."

"दिलं होतं का?" अधिकाऱ्यांनी राजदीपला विचारलं. "हो म्हणालात तर मला इथेच संपवता येईल."

राजदीपने रंजिताकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. वीज नसल्याने थांबलेल्या छताच्या पंख्याकडे पाहत होती.

"नाही सर," तो म्हणाला. "मला असं काही सुचलं नसतं. हिनेच लिहिलं. मी फक्त वाचून दाखवलं."

केशोरावांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे तुमच्याशिवाय आणि या मुलीशिवाय साक्षीदार नाही. बाकीचा वर्ग तर आरोपीच आहे."

"आईले विचारून घ्या," रंजिता म्हणाली. "ढाब्यावर आहे."

जेवणाची वेळ तशीही झाली होती, आणि आलेल्या साहेबांना शाळा त्याच ढाब्यावर जेवू घालत असे. सगळे जीपमध्ये बसले.

पार्वताबाई मागच्या बाजूला भांडी घासत होती. पोरीबरोबर एवढी माणसं पाहून ती उठली. "काऊन वो? काय केलन हिनं?"

"काही नाही बाई. उजवा हात दाखवा जरा," अधिकारी म्हणाले.

"कायले?"

रंजिताने समजावलं. पार्वताबाईने हात लुगड्याला पुसला आणि पुढे केला. अधिकाऱ्यांनी चष्मा लावला. हातावर लव होती. बारीक, नवी, पण होती.

"तंदूर सोडला जी मी होळीपासून," ती म्हणाली. "गरम सोसत नाही. आता भांडे घासतो."

"म्हणजे पुरावा उगवून आला," अधिकारी म्हणाले आणि खाटेवर जाऊन बसले.

राजदीप खांबाजवळ उभा राहिला. त्याला बसवेना. जून, मानधन, गेटाशी हात जोडणारे, सगळं एकदम डोळ्यांपुढे येत होतं. समोर ताटं आली, भाजी आली. मग तंदूरवरचा नवा माणूस, गोवर्धन, गरम रोटी घेऊन आला आणि ती वाढायला त्याने उजवा हात लांब केला.

अधिकाऱ्यांनी रोटी घेतली नाही. हाताकडे पाहिलं. कोपरापर्यंत तो भोपळ्यासारखा गुळगुळीत होता, आणि कोपराच्या वर दाट केस.

"हे कधीपासून?"

"होळीनंतर बसलो जी इथं. पहिल्याच महिन्यात साफ," गोवर्धन म्हणाला. "बायको म्हणते, आता दुसराबी घाला, बरोबर दिसन."

अधिकाऱ्यांनी रोटी घेतली, तुकडा मोडला, चावून खाल्ला. मग तिथेच कागद काढून मांडीवर लिहू लागले. राजदीप उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न करत होता.

"परीक्षागृहात कॉपी झालेली नाही," ते लिहितालिहिता बोलले. "वर्णन वस्तुस्थितीला धरून आहे. पण एक आई एवढ्यांना वाटता येत नाही. त्यांचे निबंधाचे गुण कापतो. पास होतात का?"

"काठावर होतात जी," केशोराव म्हणाले.

"हिचे सागराचे आहेत तेवढे राहू द्या."

"एवढ्यासाठी हात पाह्याले आले होते?" पार्वताबाईने पोरीला विचारलं. "घरात लिहाले दुसरं काही नव्हतं का तुले?"

"होतं. ते मी यांना नाही देत आता," रंजिता म्हणाली.

"आणि माझं, सर?" राजदीपने विचारलं.

"तुमचं काय?"

"जूनमध्ये तीन वर्षं भरतात."

"मग भरू द्या."

"म्हणजे शेरा नाही?"

अधिकाऱ्यांनी कागद त्याच्याकडे फिरवला. शेवटच्या ओळीत 'शिक्षकाविरुद्ध आक्षेप नाही' असं लिहिलेलं होतं. राजदीपने ती ओळ वाचली. मग परत वाचली. मग खाली सही व्हायची आहे हे त्याच्या लक्षात आलं.

"सर, सही."

"जेवू द्याल का मला?" अधिकारी म्हणाले.

"हो सर," राजदीप म्हणाला, आणि पेनाचं टोपण काढून तिथेच उभा राहिला.