पायावरची सही

ओम मोजाडच्या गाडीनं माझ्या नवऱ्याचा पाय मोडला, आणि माझ्या नवऱ्याला त्याचा अभिमान वाटला. हे ऐकून कुणाला मी वेडी वाटले तर खुशाल वाटू द्या. मी सगळं डोळ्यांनी पाहिलंय, आणि अजून रोज पाहतेय.

ओम आमच्या शेजारच्या गावचा. कबड्डीत तो चढाईला गेला की समोरचे सातही जण मागे सरकतात, अशी त्याची ख्याती. तो टीव्हीवर दिसायला लागला आणि आमच्या गिरणारे रस्त्यावरच्या अख्ख्या गावांना कैफ चढला. आमचे हे, म्हणजे महेश, त्या कैफात सगळ्यांच्या पुढे. ओमनं गुण घेऊन मांडीवर थाप मारली की हेही खाटेवर बसल्या बसल्या उजव्या मांडीवर अशी सणसणीत थाप मारायचे की सासूबाईंच्या बशीतला चहा हिंदकळायचा. सासूबाई म्हणायच्या, "बापाच्या नावानं कधी एवढा नाय उसळला." आम्ही हसायचो. आमचा झेंडूचा मळा, कडेला थोडा निशिगंध, आणि देव्हाऱ्याशेजारी ओमचा फोटो. माझं कशालाच काही म्हणणं नव्हतं.

दसऱ्याच्या तोंडावर हे पहाटेच टेम्पो भरून पंचवटीच्या फुलबाजाराला निघाले. वाटेत ताडपत्री सुटली म्हणून कडेला थांबून दोरी आवळत होते. धरणाकडच्या रिसॉर्टवरून एक मोठी पांढरी गाडी आली आणि ह्यांना टेम्पोला चेपून थांबली. स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडून ओम उतरला. एकटाच होता. तोंडाला दारूचा भपकारा. ह्यांच्याकडे पाहून "सॉरी भाऊ" म्हणाला आणि मागून आलेल्या दोस्तांच्या गाडीत बसून निघून गेला. हे मला ह्यांनीच दवाखान्यात सांगितलं. उजवा पाय सुजून भोपळा झालेला, आणि वर म्हणतात कसे, "मला भाऊ म्हणला गं."

त्या दिवशी लोक चिडले होते, खोटं का बोला. दूधवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांनी ओमला शिव्या घातल्या. त्याच्या चाहत्यांच्या ग्रुपवरून कितीतरी जण बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी कुठून तरी एक ड्रायव्हर उगवला आणि गाडी मीच चालवत होतो म्हणाला. झालं! बाहेर पडलेले सगळे परत आत. ओमदादाला मुद्दाम अडकवतायत, भारताच्या संघात निवड व्हायची वेळ आली म्हणून हे चाललंय, तो फुलवालाच अंधारात रस्त्याच्या मधोमध उभा होता, असं जो तो म्हणायला लागला. चौकातल्या त्याच्या फ्लेक्सला पोरांनी दुधानं आंघोळ घातली. माझा माणूस कडेला उभा होता की मध्ये, हे मला विचारायला एक जण आला नाही.

मला वाटलं, जाऊ दे, हवालदार जबाब घ्यायला येईल तेव्हा खरं बाहेर येईल. ओमला उतरताना पाहणारे एकटे हेच होते. हवालदार आला. ह्यांनी छताकडे बघत सांगितलं, "गाडी ड्रायव्हर चालवत होता." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हवालदाराची पाठ वळताच मी म्हटलं, "अहो, मला तर तुम्ही वेगळंच सांगितलं होतं."

"तू गप बस. लय मोठा खेळाडू हाय तो. माझ्या एका शब्दानं पोराचं वाटोळं व्हईल."

"आणि तुमच्या पायाचं?"

"पायाला काय होतंय? हाड हाय, जुळतंय."

दिवाळीत ओम घरी आला. चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष लखन आधी येऊन अंगण बघून गेला, कुठून फोटो चांगला येईल ते. मग ओम आला, ह्यांच्या खाटेवर टेकला, खांद्यावर हात टाकला आणि लखननं पुढे केलेल्या काळ्या पेननं प्लास्टरवर नडगीच्या जागी लांबलचक सही केली. ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. सासूबाईंनी दुधाचा चहा टाकला होता, तो उकळेपर्यंतही ओम थांबला नाही. मी दारात उभी होते. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर चुकवली. त्याला सगळं माहीत होतं, आणि मलाही.

त्यानंतर आमच्या पडवीला देवळाची कळा आली. पोरं यायची, पायाशेजारी वाकून सेल्फी काढायची, सहीवरून बोट फिरवायची. लखननं फ्लेक्स छापला: मोठा ओम, आणि खाली प्लास्टरातला पाय पुढे करून हसणारे हे. 'खरा चाहता' असं वर लिहिलेलं. लोक ह्यांना महेशभाऊ म्हणू लागले. आयुष्यभर ज्या माणसाला बाजारात 'ए झेंडू' म्हणून हाक मारत होते, त्याला भाऊ म्हणायला लागले. ह्यांना ते किती गोड लागत होतं ते मला दिसत होतं. म्हणूनच मला फार ओरडवतही नव्हतं.

डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं. बोटं काळी-निळी झाली, बधिर झाली, वास आला, तर तसेच उठून या. आणि दिवाळी झाली की हे प्लास्टर कापून दुसरं घालू. दिवाळी होऊन गेली. मी म्हटलं, चला. हे म्हणाले, "मंडळाचा सत्कार हाय नाशकात. दादाच्या शेजारी बसायचंय मला. तोवर सही पायजे का नको?"

"दुसऱ्या प्लास्टरवर घ्या की दुसरी."

"तो काय पोस्टमन हाय का, दारोदार सह्या करत फिरायला?"

थंडी वाजते म्हणून ह्यांनी पायाच्या बोटांवर मोजा चढवला. दिवाळी सरली की झेंडूला कुत्रं विचारत नाही. बाजारातून परत आलेली फुलं पडवीच्या कडेला ओतलेली होती. हे म्हणाले, क्रेट माझ्या खाटेजवळ लावा, बसल्या बसल्या सत्काराचा हार ओवतो. मला बरं वाटलं, माणूस कामाला लागला. झेंडू कुजला की त्याचा वास डोक्यात जातो. आमचं अख्खं आयुष्य त्या वासात गेलंय, त्यामुळे आम्ही नाक वाकडं करत नाही. सासूबाई एकदा म्हणाल्या, "औंदा फुलं लयच घाण मारत्यात." मी हो म्हटलं.

सत्काराच्या आदल्या दिवशी पाव्हणे येणार म्हणून मी सगळा ढीग पाटीनं उपसला, मळ्यात खड्ड्यात टाकला, पडवी धुतली, फिनेल ओतलं. हात पुसत परत आले तर वास तिथंच. मी खाटेकडे पाहिलं. ह्यांनी पांघरूण ओढून घेतलं. मी ते झटकलं आणि मोजा उपसला. बोटं जांभळाच्या रंगाची झाली होती. मी चिमटा काढला, तर ह्यांना कळलंही नाही.

"कधीपासून?"

"उद्याचा दिवस जाऊ दे, रूपाली. फक्त उद्याचा." हे हात जोडून म्हणाले. मला. बायकोला हात जोडून.

मी ओरडून गल्ली गोळा केली.

दवाखान्यात प्लास्टरवर करवत चालवायच्या आधी हे डॉक्टरांना म्हणत होते, "सही सोडून कापा, साहेब. बाजूनं कापा." आतलं बघितल्यावर त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि विचारलं, घरात कुणालाच वास आला नाही का? मी काय सांगणार? आमच्याकडे फुलं असतात, एवढंच म्हणाले. संध्याकाळी पाय गुडघ्याच्या वरून काढला.

सत्कार ठरल्याप्रमाणे झाला. लखनचा फोन आला, "वैनी, भाऊंची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी ठेवली होती आपण." उपकारच की! पाय गेल्याचं त्याला सांगितलं, तर म्हणाला, हे सध्या कुठं टाकू नका, दादाची निवड दोन-चार दिवसांवर आहे. दवाखान्यात सेल्फी काढायला मात्र कुणी आलं नाही.

मी पोलीस चौकीत जाऊन बसले. हवालदार भला माणूस, म्हणाला, त्यांना नव्यानं काही सांगायचं असेल तर येतो. तो आला, खाटेजवळ स्टूल ओढून बसला. मी हात जोडायचीच बाकी होते. आता तरी, मला वाटलं. आता काय राहिलंय राखायला? हे चादरीकडे बघत म्हणाले, "आधी सांगितलं तेच. ड्रायव्हर चालवत होता."

हवालदार गेल्यावर मी ह्यांना गदागदा हलवलं. मला रडू आवरेना. "कुणासाठी? अहो, कुणासाठी? एक फोन तरी केला का त्यानं?"

"आता खरं बोललो तर पाय उगाच गेला म्हणायचा," हे म्हणाले. "मग मी काय करू, सांग."

मी पदरानं डोळे पुसले आणि ह्यांची चादर सारखी केली.

ओमची निवड झाली. पहिल्या सामन्याच्या दिवशी सगळ्या वॉर्डानं मोबाईल काढले. ह्यांनी मला हातानं खुणावलं, तेव्हा मीही आमचा मोबाईल उशीला टेकवून धरला. चढाईला ओम. एकाला शिवला, दुसऱ्याच्या हातून निसटला, रेषेवर पडला. दोन गुण. उठला आणि कॅमेऱ्याकडे बघत त्यानं मांडीवर थाप मारली.

ह्यांचा उजवा हात वर गेला आणि खाली आला. पट्टी गुंडाळलेल्या थोटक्याच्या पुढे, नुसत्या गादीवर आपटला. आवाजच झाला नाही. हात तिथंच पडून राहिला, आणि हे त्या जागेकडे बघत राहिले.

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा ओरडला, "वाघ हाय आपला, वाघ!"

"रूपाली," हे म्हणाले, "आवाज वाढव जरा."

मी वाढवला.