मीराचा वाटा

रिपोर्ट संध्याकाळी पाचला मिळणार होता आणि मीरा सकाळी सहापासूनच पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरत होती. एव्हरशाईन सिटीतल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात चालायला जागा ती किती! गॅलरीतून ओट्याशी, ओट्यापासून पुन्हा गॅलरीत. दूध उतू गेलं, ते पुसताना चहा उकळून कडू झाला. तिचा नवरा जयराम मात्र निवांत पेपर वाचत बसला होता. त्याला कशाची धास्ती? लग्नात मीराच्या मैत्रिणींनी त्याला काडीपहिलवान म्हटलं होतं, आणि एक्कावन्नाव्या वर्षीही तो काडीपहिलवानच होता. पट्ट्याच्या वर तेवढं एक लहानसं पोट सुटलं होतं, तेही शर्ट बाहेर काढला की दिसत नसे.

जाड होती ती मीरा. म्हणून तर पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीनं, उन्नतीनं, हा स्कॅन ठरवला होता. पोटाच्या आत किती चरबी आहे ते त्यात मोजतात, त्यावरून हृदयाला धोका किती याचा अंदाज येतो, असं तिनं आईला फोनवर समजावलं. जोडप्याला सवलत होती, म्हणून जयरामही त्या टेबलावर झोपून आला. सवलत सोडणारा माणूसच नव्हता तो.

या घराचा एक नियम होता. अन्न टाकायचं नाही. तो सासूबाईंनी घातलेला, आणि त्या गेल्यावरही कुणी मोडला नव्हता. मीरानं अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा डाएट धरलं, तेव्हा तिच्या वाटचा शिरा जयरामच्या ताटात गेला. मग तिची पुरी, तिच्या वरणावरचं तूप, तिचा लाडू, सगळं तिकडंच जायला लागलं. 'खा हो, तुमच्या अंगाला कुठं लागतंय,' असं म्हणून तीच वाढायची. जयराम निमूटपणे खायचा. डाएट सुटायचं, पुन्हा सुरू व्हायचं, पण वाटा जायचा तो जायचाच. मीरा काही बारीक झाली नाही, आणि जयराम काही जाड झाला नाही, त्यामुळे आपलं काही चुकतंय असं कुणाला वाटायचं कारणच नव्हतं.

पाचला डॉक्टर प्रीतलनं दोघांना आत बोलावलं. वयानं लहान, पण बोलणं शांत. तिनं संगणकावर दोन चित्रं शेजारी-शेजारी लावली, पोट बेंबीपाशी आडवं कापल्यासारखी. चरबी पिवळ्या रंगात दाखवली होती. एका चित्रात कडेनं जाड पिवळी किनार आणि आत बऱ्यापैकी मोकळं. दुसऱ्यात किनार नावापुरती, पण आतडी पिवळ्यात बुडून गेलेली.

मीरानं दुसऱ्या चित्राकडे बोट दाखवून विचारलं, की हे माझं ना? डॉक्टर म्हणाली, नाही, ते काकांचं.

मीराला हायसं वाटायला हवं होतं. पण ती खुर्चीतून पुढं सरकली. तुमच्याकडून अदलाबदल झाली असणार, ती म्हणाली. दोघं एकापाठोपाठ आत गेलो होतो, आडनाव एक, तुमच्या माणसानं नावं उलटी टाकली. जयरामनंही मान हलवली. डॉक्टर चिडली नाही. तिनं पहिलं चित्र वर-वर सरकवत यकृतापर्यंत नेलं. तिथं दोन-तीन ठिपके लख्ख चमकत होते. ऑपरेशनमधल्या धातूच्या क्लिपा आहेत या, तिनं सांगितलं, आणि पित्ताशय काढलंय ते काकूंचं.

मग वाद संपला.

"बाहेरची चरबी दिसते, म्हणून तिला सगळे बोलतात," डॉक्टर म्हणाली. "काका, तुमची आत आहे, यकृतातसुद्धा. हृदयाला तीच जास्त जड जाते. या आठवड्यातच हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. अकरा वर्षं मीरा दुधीचं पाणी पीत होती आणि चोर समोर बसून तिचे लाडू खात होता. पण मीराला राग आला नाही, भीती वाटली. सासरे आठवले. देवरुखला अंगणात बसल्या बसल्या गेले, वय बावन्न, अंगानं असेच सडसडीत. लोक नजर लागली म्हणाले होते. जयरामला जानेवारीत बावन्नावं लागणार होतं.

परतल्यावर जिनाच चढायचा होता, लिफ्ट कित्येक महिने बंद होती. तिसऱ्या मजल्यावर जयराम नेहमीसारखा थांबला आणि खिशातून मोबाईल काढून बघू लागला. मीरा एक पायरी वर उभी होती. तिथून तिला दिसलं, की मोबाईलचा पडदा काळाच आहे. इतके महिने हा माणूस इथं मोबाईल बघायला नाही, दम खायला थांबत होता, हे तिला आता कळलं.

घरात आल्यावर तिनं उद्याचाच नंबर लावायचा विषय काढला. जयरामनं उडवून लावला. सातिवलीच्या कारखान्यात वर्षअखेरचा माल निघायचाय, सुपरवायझरच नसला तर कसं? जानेवारीत बघू. छप्पन्न किलोच्या माणसाला कसला आलाय हार्ट? डॉक्टरांनाही गिऱ्हाईक लागतंच. तो बोलत राहिला आणि ती घरभर फिरत राहिली.

तेवढ्यात बेल वाजली. शेजारची मेरी नाताळचा डबा घेऊन आली होती, आत करंजीसारख्या गोड आठ नेवऱ्या, दोघांना चार-चार. ती गेल्यावर मीरानं दोन ताटल्या भरल्या. जयरामनं सवयीनं आपली ताटली तिच्यापुढे सरकवली, तिचा वाटा घ्यायला.

मीरानं पहिली नेवरी उचलली आणि स्वतःच्या तोंडात घातली. मग दुसरी. चवीचा प्रश्न नव्हता, ती भराभर गिळत होती. आपल्या चार संपवून तिनं त्याच्या ताटलीत हात घातला. जयराम आधी हसला. मग तिच्या गालांवरून पाणी ओघळताना त्याला दिसलं.

"अगं, पुरे. त्रास होईल तुला."

"होऊ दे. अकरा वर्षं माझं तुम्हाला खाऊ घातलं मी. आता तुमचं मी खाते. अन्न तर टाकायचं नाही ना?" तिला ठसका लागला. "मला तुम्ही हवे आहात हो. मी एकटी या घरात काय करू?"

सातवी नेवरी तिच्या हातात अर्धी होती. जयरामनं तिचं मनगट धरलं आणि ती अर्धी नेवरी काढून घेऊन ताटलीत ठेवली. मग त्यानं मोबाईल काढला. या वेळी पडदा उजळला. पलीकडून कुणी उचलेपर्यंत तो मीराकडेच बघत होता. उद्याचा नंबर हवाय, तो म्हणाला, सकाळचा पहिला, नाव जयराम.

दीड नेवरी ताटलीत तशीच राहिली. सकाळी निघताना मीरानं ती कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि जयरामनं बघूनही तिला अडवलं नाही.