चित्र पाहा
शब्दकोशाचा पहिलाच खंड ब्रेलमध्ये निघत होता आणि मुद्रितं तपासताना ताईंची बोटं एका ओळीवर अडली. ताई जन्मापासून अंध. त्या उठावाची टिंबं मोठ्याने वाचत आणि मदतीला समोर बसलेली त्यांची वहिनी छापील कोशाशी ताडून बघे. ताईंनी ओळ पुन्हा वाचली. ‘अंतराळउड्डाण : चित्र पाहा.’

वहिनी म्हणाली, मुळातही तेवढंच आहे. शेजारी अग्निबाणाचं भलंमोठं रंगीत चित्र आणि खाली वापराचं वाक्य, ‘अंतराळउड्डाण यशस्वी झाले.’

ताईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. यशस्वी झाले म्हणे! त्या जागी लग्न घाला नाहीतर ऑपरेशन घाला, वाक्याचं काही बिघडतं का? अंधशाळेतली पोरं हौसेने हा कोश उघडणार, आणि आपण त्यांना सांगणार काय, तर चित्र पाहा. निर्लज्जपणाची कमाल होती.

त्या तडक प्रकाशनाच्या व्यवस्थापकांकडे गेल्या. व्यवस्थापक गोड बोलणारे. मूळ मजकुरात भर घालायची पद्धत नाही, हवं तर शब्दच गाळून टाकू, म्हणाले. ताईंची सही झाली की दुपारी छपाई सुरू.

“तसाही ह्या मुलांना तो शब्द कुठे लागणार?” ते म्हणाले. “त्यांना कोण नेतंय अंतराळात?”

“तुम्हाला तरी कोण नेतंय, साहेब?” ताई म्हणाल्या. “मग तुमच्या कोशात तो कशाला ठेवलाय?”

अशी सही मी करणार नाही, एवढं बजावून ताई जागेवर आल्या आणि वहिनीला त्यांनी कपाटातलं विज्ञानाचं पुस्तक काढायला लावलं. वहिनी वाचत गेली. पृथ्वीच्या वातावरणापलीकडे यानातून जाणं. तिथे वजन जाणवत नाही, वर-खाली काही उरत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. म्हणून यानात जागोजागी धरायला दांडे बसवलेले असतात.

ताईंनी तिला थांबवलं, शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं आणि ब्रेल लिहायचं सहा कळांचं यंत्र पुढे ओढलं.

दुपारी व्यवस्थापक सहीसाठी आले. नवी नोंद ताईंनी बोटांनी वाचून दाखवली. आधी अर्थ, मग वापराचं वाक्य : ‘अंतराळउड्डाणात डोळस माणसेही हातांच्या आधारानेच पुढे सरकतात.’

मग सहीचा कागद त्यांच्याकडे सरकवून त्या म्हणाल्या, “आधी तुमची.”